बसा, आता आराम करा!



आपल्या घराघरांत एक वाक्य मोठ्या मायेने बोलले जाते. ‘आई, तू बस. आता आराम कर. आयुष्यभर पुष्कळ कष्ट काढलेस.’ हे वाक्य ऐकून शेजारीपाजारीही म्हणतात, मुले गुणाची निघाली हो! आम्ही भावंडांनीही हे वाक्य पुष्कळ वेळा उच्चारले आहे. आज त्याच वाक्याविषयी थोडे लिहायचे आहे, कारण ते प्रेमाचे आहे की दुसऱ्याच कशाचे, याबद्दल आता आमच्या मनात शंका आहे.

आमची आई वाडीत वाढलेली. पहाटे उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, केळींना पाणी सोडायचे, भाजीच्या जुड्या बांधायच्या आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. रविवारची पहिली मिस्सा तिने कधी चुकवली नाही, तीही चालत जाऊन. व्यायाम हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. त्याची गरजच नव्हती! आपल्या वसईत त्या पिढीच्या बहुतेकांचे असेच होते. रहाट गेले, पंप आले. मग पुष्कळशा वाड्याही गेल्या आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. माणसांचे कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. मात्र कष्टांबरोबर आणखी काय काय गेले, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

बाबा वारल्यावर आम्ही आईची जास्तच काळजी घेऊ लागलो. तिच्या हातातला झाडू काढून घेतला. पाय घसरेल म्हणून विहिरीकडे जाणे बंद केले. चर्चला न्यायला रिक्षा बोलावू लागलो. वर्षभरात आई बोलेनाशी झाली. जेवण कमी झाले, रात्री झोप लागेना. रोझरीच्या वेळी ओठ हलत, पण आवाज येत नसे. आम्ही समजलो, बाबांचे दुःख आहे, ओसरेल हळूहळू. शेवटी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, ‘या दिवसभर काय करतात?’ आम्ही अभिमानाने सांगितले, ‘काहीच नाही. आम्ही त्यांना काही करूच देत नाही.’

डॉक्टर काही वेळ आमच्याकडे बघत राहिले.

त्यांनी जे समजावून सांगितले ते आपणा सर्वांना उपयोगी पडेल. स्नायू वापरले नाहीत तर ते झिजतात, आणि म्हातारपणी फार लवकर झिजतात. पाय अशक्त झाले की तोल जातो. म्हणजे पडण्याच्या भीतीने माणसाला बसवून ठेवले, तर पडण्याचीच शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, 65 वर्षांवरील माणसांनीही आठवड्याला 150 ते 300 मिनिटे बेताची धाप लागेल अशी हालचाल करावी आणि किमान तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. ज्यांना इतके जमत नाही त्यांनी झेपेल तेवढे करावे, काहीच न करण्यापेक्षा थोडेही बरे.

मनाचे काय? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात केलेला एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. नैराश्याचा आजार असलेली, पन्नाशी ओलांडलेली 156 माणसे त्यात होती. काहींना औषध दिले, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. औषधाचा गुण सुरुवातीला लवकर दिसला. पण सोळा आठवड्यांनी पाहिले, तर तिन्ही गटांत जवळपास सारखाच फरक पडला होता. यावरून घरातल्या गोळ्या कोणी फेकून देऊ नयेत! औषध बंद करणे न करणे डॉक्टरांनी ठरवायचे. आणि त्या अभ्यासातली माणसे एकेकटी नव्हे, गटाने व्यायाम करीत होती. गुण चालण्याचा किती आणि सोबतीचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. आम्हांला तर ते वेगळे काढण्याची गरजही वाटत नाही.

आता खरा प्रश्न. आपल्यातील काही ज्येष्ठ म्हणतात, ‘आता या वयात शरीराचे लाड कशाला? प्रार्थना करावी आणि बोलावणे येण्याची वाट पाहावी.’ संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय ते पुढे करतात. तिथे शरीराच्या कसरतीचा लाभ थोडा आणि भक्तीचा लाभ मोठा मानला आहे. खरे आहे. पण थोडा लाभ म्हणजे लाभ नाही असे होत नाही. त्याच पौलाने करिंथकरांना शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची आठवण करून दिली आहे. मंदिराचा पाया खचू लागला तर आपण वर्गणी काढतो. गुडघे खचू लागले तर मात्र ‘वय झाले’ म्हणून सोडून देतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात दुःखावरील उपायांचा विचार केला. आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन हे उपाय त्यांनी सांगितले, आणि त्याच पंक्तीत झोप आणि स्नान यांनाही बसवले! एवढा मोठा वेदान्ती आणि दुःखावर आंघोळ सुचवतो? त्यांचा विचार साधा आहे. दुःख शरीराच्या जिवंत हालचालीला रोखते, म्हणून जे शरीराला पुन्हा मूळ स्थितीत आणते ते दुःखही हलके करते. चालण्याचा उल्लेख तिथे नाही, पण तोच न्याय चालण्यालाही लागू पडावा असे आम्हांला वाटते. देह आणि आत्मा हे एकाच माणसाचे असतील, तर मनाच्या वेदनेवर पायांनी उपाय करण्यात कमीपणा कसला?

तरीही एक सावधगिरी हवी. संत ऑगस्टिन यांनी 387 साली आई संत मोनिका यांच्या मरणानंतर काय केले, ते स्वतःच लिहून ठेवले आहे. स्नानाने मन हलके होते असे ऐकल्यावरून ते स्नानाला गेले आणि होते तसेच दुःखी परत आले. पुढे झोप लागली, तेव्हा कुठे थोडे हलके वाटले. या प्रामाणिकपणाचे आम्हांला फार मोल वाटते. घरात कोणी खचलेले असेल आणि त्याला आपण ‘उठा, चाला, म्हणजे बरे वाटेल’ असे नुसते फर्मान सोडले, तर ‘बसा, आराम करा’ इतकेच तेही निष्ठुर ठरेल. ज्याला उठायचीच इच्छा राहिलेली नाही त्याचा तो आळस नव्हे.

आणि जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांचे काय? पोप जॉन पॉल दुसरे तरुणपणापासून डोंगर चढणारे, बर्फावर स्कीइंग करणारे. पोप झाल्यावरही त्यांनी ते सोडले नव्हते. पुढे पार्किन्सनच्या आजाराने त्यांचे पाय थांबले, शेवटी वाचाही गेली, आणि 2005 साली ते प्रभूघरी गेले. आपले थरथरणारे हात त्यांनी जगापासून लपवले नाहीत. डोंगर चढताना ते जितके पोप होते तितकेच चाकाच्या खुर्चीतही होते. म्हणून जो चालतो तो चांगला ख्रिस्ती आणि जो झोपून आहे तो कमी, असा अर्थ आमच्या लिहिण्यातून कोणी काढू नये. पण ज्याला अजून चालता येते त्याला आपण आपल्या सोयीसाठी बसवावे काय?

‘आपल्या सोयीसाठी’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून लिहिले आहेत. आई खुर्चीत बसली की आमची काळजी मिटत होती. ती पडली तर दवाखाना, खर्च, रजा. वर पुन्हा लोक काय म्हणतील ही भीती. झाडू काढून घेताना आम्ही तिला विचारलेही नव्हते. तिच्याबरोबर चालायचे तर तिच्या पावलाने चालावे लागते आणि त्यासाठी रोजचा अर्धा तास द्यावा लागतो. रिक्षा स्वस्त पडते.

डॉक्टरांनी आईला एक गोळी लिहून दिली आणि आम्हांला एक काम दिले. संध्याकाळी तिला घेऊन नाक्यावरच्या क्रूसापर्यंत जायचे. पहिल्या दिवशी ती दोन घरांपलीकडे गेली नाही. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, ‘मला कशाला फिरवता रे?’ आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. क्रूसापर्यंत पोहोचायला तीन आठवडे लागले. तिथे वाडीतली एक जुनी मैत्रीण भेटली. दोघी कठड्यावर बसून बाबांविषयी बोलल्या आणि आई रडली. बाबा गेल्यापासून ती आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती.

आज तिची गोळी चालू आहे, गुडघाही दुखतोच. काही दिवस ती जायला नकार देते. झाडू मात्र परत तिच्या हातात आहे आणि अंगणाचा एक कोपरा तिच्याशिवाय कोणी झाडायचा नाही असे ठरले आहे. क्रूसाकडे जाणाऱ्या आता चौघी झाल्या आहेत. साडेपाचला निघतात, रोझरीच्या आत परततात. आपल्या आईला किंवा आजीला पाठवायचे असेल तर पहिले काही दिवस तिच्यासोबत या. पावसाळ्यात तिथे शेवाळ धरते, तेव्हा चप्पल घट्ट पट्ट्याची असू द्या.