फोन पालथा ठेवून

माझं शिक्षण दहावीपर्यंत. पुढं शेती. लिहितो म्हणून गावात कुणी 'लेखक' म्हणतंय, कुणी हसतंय. लोकांचं ऐकून ऐकूनच लिहायला शिकलो, असं मी चार ठिकाणी सांगितलंय. म्हणून खालची गोष्ट सांगायला लाज वाटते. तरी सांगतो.

माझ्या धुऱ्याला धुरा लागून एका पोराचं तीन एकर रान आहे. पोर म्हणजे चाळिशीतला माणूस, पण मला तो पोरच. त्याच्याकडं लाल कंधारी बैलांची जोडी होती. मागच्या वैशाखात दिवस मावळताना तो माझ्या आखाड्यावर आला. बाजेच्या कडेला टेकला.

"आबा, जरा बोलायचं हुतं."

"बोल की. आयकलालो."

माझ्या हातात फोन होता. लातूरच्या बाजारातला सोयाबीनचा भाव बघायला उघडला आणि भावावरून कुठल्या कुठं गेलो. तो उन्हाचं बोलला, आटलेल्या बोअरचं बोलला. मी हूं हूं करत होतो. मग तो गप्प झाला. "काय न्हाई, असंच आलतो," म्हणून उठला. मी मान वर केली तोवर तो धुऱ्यापर्यंत गेला होता.

आठ दिवसांनी त्याच्या स्टेटसवर बैलांचा फोटो आला. खाली रडणारं तोंड. हाळीच्या बाजारात जोडी विकून आला होता. मी जोडलेल्या हाताचं चित्र पाठवलं. त्याचं घर माझ्या घरापासून चौथं.

हल्ली माणसाला मन मोकळं करायला जागा राहिली नाही, असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. जागा कधी नव्हती एवढी झालीय. पूर्वी पारावर गप्पा चालायच्या हे खरं, पण त्या पारावर बायांना जागा नव्हती, खालच्या आळीच्या माणसाला तर नव्हतीच. बायांचं बोलणं जात्यापाशी, चुलीपाशी. आज माझी सून फोनवर चार ओळी लिहिती, आणि नांदेड-पुण्याच्या बाया त्या वाचतात. म्हणून मी फोनला दोष देत नाही. सांगणारे वाढले, हे चांगलंच झालं. ऐकणारे मात्र तेवढे वाढले नाहीत. त्यात मी एक.

ऐकणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या आत, किल्लारीची जमीन हलली. आमच्या गावातून भाकरी आणि लुगडी-धोतरं घेऊन ट्रक गेला, त्यात मी होतो. एका म्हाताऱ्यानं भाकरी घेतली, पण खाईना. माझा हात धरून त्यानं मला बसवून घेतलं. घरात कोण कुठं झोपलं होतं, ते सांगितलं. मग परत सांगितलं. मग परत. मी काय बोलणार? बसून राहिलो. तिसऱ्यांदा सांगून झालं आणि त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

त्या दिवशी मी त्याला शहाणपणाचा एक शब्दही दिला नव्हता. नुसता बसलो होतो. तेव्हापासून मला वाटतं, ऐकणं हा उपकार नाही. ते देणं आहे. शेजारी राहतो म्हणून लागतो आपण ते. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून आणता येतं, पण धुऱ्यापलीकडच्या माणसाचं ऐकायला मिरजेहून कोण येणार?

शेवटी मी त्या पोराच्या घरी गेलो. विचारलं, "त्या दिवशी काय सांगायचं हुतं रं?"

तो हसला. "जाऊ द्या आबा. कडबा पायजे हुता. मिरगापतुर दोनशे पेंढ्या. उसन्या."

माझ्या आखाड्यावर कडब्याची गंज उभी होती. तो बाजेवर टेकला तेव्हा त्याच्या पाठीमागंच.

यंदा त्यानं भाड्याच्या ट्रॅक्टरनं पेरलं.

आता मी फोन घरी ठेवून रानात जातो, असं लिहिलं तर शोभून दिसंल, पण ते खरं नाही. फोन बंडीच्या खिशातच असतो. कुणी येऊन टेकलं, की तो पालथा करून बाजेखाली सारतो. एवढं जमतंय.

ते पोर मात्र अजून टेकलेलं नाही. धुऱ्यावरूनच "राम राम आबा" म्हणतंय आणि पुढं जातंय.