अर्ज म्हणजे शपथ का?

अर्जात ‘संगणक’ भरून झाल्यावर मुलगी म्हणते, ‘मला स्थापत्य हवे’, आणि फरवानियातील आपल्या घरांत प्रश्न उभा राहतो : दिलेला शब्द फिरवायचा?

लोकमान्य टिळक १८७७ साली गणित घेऊन बी. ए. झाले. पुढे एम. ए. अर्धवट सोडून १८७९ साली एलएल. बी. झाले. त्याला कोणी वचनभंग म्हणत नाही.

शस्त्रक्रियेला दिलेली संमती रुग्ण मागे घेऊ शकतो. आम्ही डॉक्टर ती मानतो. मग मुलांनाच मुभा का नसावी?

मात्र जागेवर इतरांचाही हक्क असतो. ‘जोसा’च्या प्रवेशफेऱ्यांत मुदतीत सोडलेली जागा पुढच्या फेरीत दुसऱ्याला मिळते. मन बदलणे हा दोष नाही. ते लपवून जागा अडवणे हा दोष आहे.