जोडीतला दुसरा

दुसऱ्याच्या वस्तूची दुरुस्ती करणाऱ्याने मालकाची इच्छा कुठपर्यंत मानावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. डॉक्टर आणि वकील यांच्या संदर्भात त्याची पुष्कळ चर्चा होते. मोटार-मिस्त्रीपुढे तो रोज सकाळी येऊन ठाकतो, आणि त्याने तो उभ्या-उभ्या सोडवावा अशी सर्वांची अपेक्षा असते.

नागपूरहून हैदराबादच्या दिशेने निघालेला महामार्ग बुटीबोरीला पोहोचला की तेथून वर्धा-यवतमाळकडे जाणारा रस्ता फुटतो. शेजारीच विस्तीर्ण औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांची पाळी सुटली की सायकली, मोटारसायकली आणि मालट्रक एकाच वेळी रस्त्यावर येतात. वाचकांनी हे चित्र मनात असू द्यावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

समजा, अशा नाक्यावरील एखाद्या गॅरेजात जुनी स्पोर्ट्स कार आली. आपल्याकडे ही चीज दुर्मीळच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने फायबरच्या अंगाची, दोन आसनांची ‘स्टॉर्म’ काढली, ती फारशी रस्त्यावर दिसली नाही. बाकी हौशी लोकांनी जपलेल्या परदेशी गाड्या, १९६९ सालची डॅटसन २४० झेड किंवा १९८० च्या दशकातली पोर्शे ९४४ यांच्यासारख्या. या दोन्हींच्या पुढच्या चाकांवर मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना सिद्ध केली आणि फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या १९५० च्या गाड्यांनी ती लोकांपुढे आणली. आपल्या परिचयाच्या, १९८३ साली अवतरलेल्या मारुती ८०० च्या पुढेही हाच स्ट्रट होता. तेव्हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या छंदाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

या रचनेत एक पोलादी नळी असते आणि तिच्याभोवती स्प्रिंग. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. परंतु दाबलेली स्प्रिंग स्वभावतःच पुनःपुन्हा उसळत राहते. ती उसळी आवरण्याचे काम नळीच्या आतले तेल करते. बारीक छिद्रांतून जाताना तेलाला होणारा अडथळा धक्क्याची शक्ती उष्णतेत जिरवून टाकतो. हा आतला भाग झिजला की चाक रस्ता सोडून नाचू लागते. जुन्या गाड्यांत एक मोठी सोय अशी की, नळीच्या तोंडाची चकती खोलून आतला ऐवज तेवढा काढता येतो आणि त्या जागी नवा बंदिस्त इन्सर्ट बसविता येतो. नळी तीच, स्प्रिंग तीच. जे धड आहे त्याला हात न लावता जे निकामी झाले तेवढेच बदलणारी ही दुरुस्ती मला फार शहाणपणाची वाटते. हल्ली अख्खा भाग फेकून नवा बसविण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात वेळ वाचतो हे खरे, पण वस्तूकडे नीट पाहण्याची सवय मोडते.

काम मात्र जोखमीचे आहे. ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधून ठेवावा लागतो. रबरी नळीवर लोंबकळला तर ती आतून फाटू शकते. स्प्रिंग दोन्ही बाजूंनी आकड्यांनी आवळल्याखेरीज वरचा नट सैल करायचा नाही. केला तर स्प्रिंग सुटून मिस्त्रीचा जीव घेऊ शकते. इन्सर्ट बसविताना नळीत थोडे तेल ओततात, म्हणजे आतली उष्णता नळीच्या भिंतीपर्यंत पोहोचते. गाडी जमिनीवर उतरली की हे तेल कोणालाही दिसणार नाही. ते ओतले की नाही, हे ओतणाऱ्यालाच ठाऊक.

आता खरी अडचण. दोहोंपैकी डावा स्ट्रट गळतो आहे, उजवा कोरडा आहे. मालक म्हणतो, “एकच बदला ना भाऊ, दुसरा तर चांगला आहे.” मिस्त्री म्हणतो, “साहेब, ही जोडी आहे.” मालकाला वाटते, हा बिल वाढवतो आहे, तसे मिस्त्री असतातही, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक माणसाचे सांगणे ऐकले जात नाही. तथापि येथे मिस्त्रीचे म्हणणे बरोबर आहे. एक चाक घट्ट आवरलेले आणि दुसरे सैल, अशा गाडीला खडबडीत रस्त्यावर जोराचा ब्रेक लागला तर दोन्ही चाकांची पकड सारखी राहत नाही आणि गाडी एका अंगाला ओढू शकते.

“गाडी माझी, पैसा माझा” हा युक्तिवाद रंगाच्या किंवा गादीच्या बाबतीत मान्य करता येईल. स्ट्रटच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण या व्यवहारात एक तिसरा माणूस आहे. पाळी संपवून सायकलवरून नाका ओलांडणाऱ्या त्या कामगाराला कोणी विचारलेले नाही. त्याच्या वतीने गॅरेजात बोलू शकेल असा एकटा मिस्त्रीच.

याला एक आक्षेप आहे आणि तो मला हलका वाटत नाही. स्पोर्ट्स कारचा मालक दुसऱ्या इन्सर्टचे पैसे देऊ शकतो. पण जुन्या मारुतीवर पोट भरणाऱ्या माणसाला नकार दिला, तर तो पलीकडच्या गॅरेजात जाईल आणि तेथे कदाचित जुनाच भाग रंग लावून त्याच्या गळ्यात मारला जाईल. मग कडक नकाराने साधले काय? माझ्या मते सवलत द्यावी, पण ती मजुरीत द्यावी, उधारीत द्यावी, महागड्या छापाऐवजी साधा पण खात्रीचा भाग सुचविण्यात द्यावी. जोडी तोडण्यात देऊ नये. एवढे करूनही माणूस निघून गेला, तर त्याला धोका स्पष्ट शब्दांत सांगितलेला असावा. त्यापुढे मिस्त्रीचा हात पोहोचत नाही, ही खंत उरतेच.

काही चांगल्या गॅरेजांत काढलेले दोन्ही जुने भाग वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हाती देतात. मालकाने ते घरी नेण्यापूर्वी तेथेच फरशीवर उभे धरावेत आणि दोन्हींचे दांडे तळहाताने दाबून पाहावेत. गळका विरोध न करता खाली जातो. कोरडा दिसणारा दुसराही पुष्कळदा तितक्याच मुकाट्याने जातो.