प्रवासाचे प्रयोजन

युरोपात जाऊ इच्छिणाऱ्या माणसाला एक छापील अर्ज भरावा लागतो. नाव, जन्मगाव, पारपत्राचा क्रमांक, इथवर लेखणी सुरळीत चालते. मग एक रकाना येतो : ‘प्रवासाचे प्रयोजन’. पुढे चौकटी आखलेल्या असतात. पर्यटन, व्यापार, नातेवाइकांची भेट, शिक्षण, औषधोपचार, खेळ. योग्य त्या चौकटीत आपण खूण करायची. मी ‘पर्यटन’ या चौकटीत खूण केली आणि पुढल्या रकान्याकडे वळले; मन मात्र मागेच राहिले.

कारण हाच प्रश्न मला गेले सहा महिने घरीदारी विचारला जात आहे, आणि तेथे चौकटी नाहीत. साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारी, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, नावावर चार कादंबऱ्या असलेली पंचेचाळिशीची बाई येत्या मे महिन्यात पाठीवर पिशवी टाकून एकवीस दिवस युरोपात एकटी हिंडणार, ती कशासाठी? तिकडे मुलगा नाही, जावई नाही, परिषद नाही, पुरस्कार नाही. “नवी कादंबरी लिहिणार असशील तिकडची,” असे म्हणून माझ्या एका मैत्रिणीने मला सुटकेची वाट दाखवली. ती मी घेतली नाही. कादंबरीसाठी जायचे म्हटले की जाण्याला किंमत येते, आणि मला तर किंमत न येता जायचे आहे.

आपल्याकडे प्रवासाला कारण लागते, ही काही आजची गोष्ट नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, ते बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या हिशेबाने. कारण चोख होते. घरच्यांना सांगता येण्यासारखे होते. पुढे बंडाच्या वणव्यात ते सापडले, झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला, पैसा लुटला गेला, आणि घरी आले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. दक्षिणेचे काय झाले हे आज कुणी विचारीत नाही. १९०७ साली छापला गेलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण वाचतो, तो त्यांनी जे पाहिले त्याच्यासाठी. पण ‘पाहायला जातो’ असे म्हणून ते वरसईहून निघाले असते, तर वडिलांनी त्यांना उंबरठा ओलांडू दिला असता का?

मी अर्थात विष्णुभटांइतकी गरजू नाही आणि धाडसीही नाही. माझे धाडस एका दोनशेपानी वहीत मावते. तिच्यात डाव्या पानावर गावे आहेत आणि उजव्या पानावर पैसे. आम्स्टरडॅमला उतरायचे, तिथून कोलोन, आल्टेना, लक्झेंबर्ग, स्ट्रासबर्ग, मग आल्प्स ओलांडून मिलान, फ्लॉरेन्स आणि रोम, रोमहून विमान. इटलीतले दिवस सर्वांत जास्त, म्हणून अर्जही इटलीकडेच करायचा. नियमच तसा आहे. उजव्या पानावर विमानाचे पासष्ट हजार, सामुदायिक खोलीतल्या वीस रात्री, रात्रीला पस्तीस युरो धरून, म्हणजे सत्तर हजार. जेवणाला दिवसाचे पंधरा युरो. हे पंधरा युरो हॉटेलात एका बैठकीत संपतात, म्हणून बाजारातून पाव, टोमॅटो, अंडी आणायची आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आपले आपण शिजवायचे. मेतकूट आणि भाजणी नेता येते. तूप नाही, कारण दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे. हे ऐकून सासूबाईंना माझ्या एकटीने जाण्यापेक्षाही जास्त वाईट वाटले. रोमला रस्त्यारस्त्यावर पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात, तिथे पाण्याचे पैसे वाचतील. लक्झेंबर्ग देशात तर २०२०पासून बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यालाही. सगळी बेरीज अडीच लाखांच्या आत बसते. तीस वह्या तपासल्यानंतर जे समाधान मिळते ते मला या बेरजेने दिले.

शाळेतल्या एका सहकाऱ्याने ती बेरीज पाहिली आणि शांतपणे म्हटले, “एवढ्यात आपल्या मुलींच्या स्वच्छतागृहाचे काम झाले असते.”

हा माणूस टोचून बोलणाऱ्यांतला नाही. स्वतःच्या पगारातून दोन मुलांची फी भरणारा आहे. म्हणून त्याच्या बोलण्याला ‘लग्नात दहा लाख उधळतात, तेव्हा कुठे जाता?’ असले उत्तर देऊन मला सुटता येईना. दुसऱ्याची उधळपट्टी हे माझ्या उधळपट्टीचे समर्थन होत नाही. स्वच्छतागृह हवेच आहे. माझ्या मुलीचे शिक्षण अजून दोन वर्षे चालायचे आहे. सासूबाईंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची व्हायची आहे. अडीच लाखांना जायला वाटा पुष्कळ आहेत आणि त्यांतली प्रत्येक वाट माझ्या वाटेपेक्षा सरळ आहे.

पण मग मी असा विचार केला, की कर्तव्याच्या विहिरीला तळ असतो का? आधी सगळी देणी फिटोत, मग आपण, असे म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. माझी आई त्यांतली एक. तिला समुद्र पाहायचा होता. साताऱ्याहून रत्नागिरी ती केवढी लांब! ती गेली तेव्हा देणी कुणाचीच उरली नव्हती आणि समुद्र तेवढा राहून गेला होता. तिने त्याग केला असे लोक म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. कारण तो तिने आमच्यासाठी केला असे धरले, तर आम्हां पोरांना त्याचा काय उपयोग झाला हे मला अजून सापडलेले नाही. सहकाऱ्याला मी इतकेच सांगितले, की स्वच्छतागृहासाठी दरमहा पगारातून काही देईन, आणि युरोपलाही जाईन. त्याचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झालेले नाही. ते व्हावे अशी अपेक्षा मी सोडून दिली आहे.

‘बरे, जा, पण एकटी का?’ हा दुसरा प्रश्न. यात्रा कंपन्यांबरोबर जाणाऱ्यांना नाके मुरडणारी मी नव्हे. ज्याला संध्याकाळी वरणभात हवा त्याने तो युरोपात का खाऊ नये? पण माझे असे आहे, की चारचौघांत गेले की चौघांच्या चहाची काळजी माझ्याकडे येते. ती कुणी देत नाही. माझे हात आपोआप पुढे होतात. एका चित्रापुढे अर्धा तास उभे राहायचे, तर बरोबरच्यांचे पाय दुखत असतील हे माझ्या पायांना आधी कळते. यांना मी हे समजावून सांगू लागले, तेव्हा ते म्हणाले, “मला चित्रे कळत नाहीत, आणि तुला सुट्टी हवी आहे. एवढे सोपे आहे ते.” सत्तावीस वर्षांच्या संसारात माणसे एखादे वाक्य असे बोलून जातात.

सुट्टी मिळाली, पण तिचा दाखला लागतो! अर्जाला जोडायच्या कागदांत मुख्याध्यापकांचे रजामंजुरीचे पत्र, बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, परतीचे तिकीट, तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा. नव्वद युरो शुल्क. नकार आला तरी ते परत मिळत नाही. या सगळ्या कागदांचा अर्थ एकच : ही बाई परत जाईल याची खात्री पटवा. घर, नोकरी, नवरा, मूल, ज्या ज्या दोऱ्यांनी मी इथे बांधलेली आहे त्या सगळ्या मोजून दाखवायच्या. जो खरोखरीच मोकळा आहे, ज्याला कुणी नाही आणि काही नाही, त्याला तिकडे मोकळे हिंडता येत नाही. पाच देशांनी १४ जून १९८५ रोजी शेंगेन या खेड्यापाशी मोझेल नदीत एका बोटीवर करारावर सह्या केल्या आणि आपापसांतली दारे काढून टाकायचे ठरवले. आज ते देश एकोणतीस झाले आहेत. आत दारे नाहीत म्हणूनच बाहेरचे दार जाड झाले. तरी ते खेडे मी वहीत लिहून ठेवले आहे. लक्झेंबर्गहून तिथवर बस फुकट नेते.

या दाराबद्दल मला राग यावा की नाही, हे ठरवायला एका मास्तराची मदत झाली. कोनिग्सबर्गचा कांट. आपल्या शहराच्या आसपासचा मुलूख सोडून तो कधी कुठे गेला नाही, पण चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना जगाचा भूगोल शिकवीत राहिला. (आम्हां मास्तरांना यात नवल वाटत नाही.) मला जर्मन येत नाही, इंग्रजी भाषांतर शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. १७९५ साली त्याने शाश्वत शांततेवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो त्याचा आशय असा : पृथ्वी वाटोळी आहे, तिच्यावर माणसे एकमेकांपासून अनंत दूर पांगू शकत नाहीत, तेव्हा परक्या भूमीवर पाय ठेवणाऱ्याला शत्रू समजले जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे. पण तो भेटीला येण्याचा हक्क. पाहुणा म्हणून राहण्याचा नव्हे. यजमान त्याला परत पाठवू शकतो, मात्र त्यात त्याचा घात होणार नसेल तरच. आणि पुढे तो आपल्याच युरोपियनांचे कान धरतो. भेटीला म्हणून गेलात आणि देश जिंकून बसलात, हिंदुस्थानात व्यापारी ठाण्यांच्या मिषाने फौजा आणल्यात, हे तो स्पष्ट लिहितो. जे आमच्याकडे दाखला न काढता आले आणि दीडशे-दोनशे वर्षे राहिले, त्यांच्या शेजाऱ्यांकडे मी एकवीस दिवसांसाठी बोटांचे ठसे देऊन जाणार, याची गंमत कांटला कळली असती.

पण कांटच्या त्या वाक्याला दुसरी धार आहे आणि ती माझ्याकडे वळते. भेटीला येणाराही भार होऊ शकतो. व्हेनिसने २०२४च्या एप्रिलपासून ठरावीक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांवर पाच युरोंचा कर बसवला. त्याच वर्षी जुलैत बार्सिलोनाच्या रहिवाशांनी उपाहारगृहात बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. घरे भाड्याने प्रवाशांना जातात आणि गावकऱ्यांना राहायला जागा परवडत नाही, ही त्यांची तक्रार. हे वाचून मला हसू आले नाही, कारण मी साताऱ्याची आहे. सप्टेंबरात कासच्या पठारावर फुले आली की शनिवार-रविवारी आमच्या घाटात मोटारींची रांग लागते. २०१२मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेले आणि फुलांपेक्षा माणसे जास्त झाली. आता आधी नोंदणी, प्रवेशाला शुल्क, पायवाटेला दोर. फुलांत लोळून छायाचित्रे काढणाऱ्यांकडे आम्ही काय नजरेने पाहतो ते मला ठाऊक आहे. ती नजर फ्लॉरेन्सला माझ्याकडे वळली तर? म्हणून वहीतून व्हेनिस काढले. बार्सिलोना मुळात नव्हतेच. कुणाचे राहते घर स्वस्तात मिळत होते, तेही सोडले आणि वसतिगृहेच धरली. एका बाईने न गेल्याने व्हेनिसचे ओझे हलके होणार नाही हे उघड आहे. पण वही माझी आहे.

वसतिगृहांविषयी मात्र मला मनापासून जिव्हाळा आहे, आणि आल्टेना हे आडवाटेचे गाव माझ्या यादीत आले ते त्यामुळेच. रिशार्ड शिरमान हा तिथला शाळामास्तर. १९०९च्या ऑगस्टमध्ये तो आपल्या मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळाने त्यांना गाठले. सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका शाळेत त्यांना आसरा मिळाला. गवत पसरून मुले झोपली. बाहेर विजा कडाडत असताना मास्तरच्या मनात आले, की सुट्टीत सगळ्याच शाळा रिकाम्या असतात. त्या चालत्या मुलांना रात्रीपुरत्या का मिळू नयेत? १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले युवा वसतिगृह निघाले. त्या जुन्या खोल्या अजून जपलेल्या आहेत.

ही कल्पना शिरमानला विजांच्या कडकडाटात सुचली. मी ती लोणंदला पाहिली होती. तिथे नोकरीला असताना दर आषाढी वारीत माउलींची पालखी आली की आम्ही बाके भिंतीशी रचून वर्ग मोकळे करीत असू. फळ्यावर माझे काढलेले पिंपळपान तसेच असायचे आणि त्याच्याखाली पन्नास माणसे पडशी उशाला घेऊन झोपायची. त्यांना कुणी प्रयोजन विचारीत नव्हते. एका म्हातारीला मी भाबडेपणाने विचारले होते, “आजी, पंढरपुरात गेल्यावर दर्शन तरी होते का एवढ्या गर्दीत?” ती म्हणाली, “कळस दिसतो की.” आणि कूस बदलून झोपली.

फरक आहे, तो मला दिसतो. ती दिंडीतून चालली होती, मी एकटी जाणार. तिच्या वाटेवर गावोगाव लोक भाकरी घेऊन उभे होते. माझ्या वाटेवर प्रत्येक गादीला दर आहे, चादरीला कुठे कुठे वेगळा, आणि काही ठिकाणी तर चाळिशी उलटलेल्यांना सामुदायिक खोलीत घेतच नाहीत. माझ्या प्रवासाला मी वारी म्हणणार नाही. तरी आठ खाटांच्या खोलीत अनोळखी माणसांच्या श्वासांच्या लयीत झोप लागते का, हे मला पाहायचे आहे. स्वस्तपणामुळे हे पाहायला मिळते. पैसे असते तर मी दार लावून घेतले असते.

तयारी म्हणाल तर कागद झाले आहेत, खाटेखालच्या पेटीला लावायचे कुलूप घेतले आहे, आणि बूट पायांना अजून चावतात. विमानात हाती सात किलोच नेता येतात म्हणून रोज संध्याकाळी पिशवीत सात किलो तांदूळ भरून अजिंक्यतारा चढते. परवा चढावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई मागून आली. बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत होती. मग म्हणाली, “बाई, काय वो एवढं पाठीवर?”

“तांदूळ.”

“वर कुनाला न्यायचं?”

“कुणाला नाही. वर न्यायचे आणि खाली आणायचे.”

ती थांबली, पाटी सावरली, आणि पुढच्या वळणापर्यंत माझ्याबरोबर काही न विचारता चालत राहिली.