आडवी बाग आणि आधिदैविक दुःख

आधिदैविक दुःख ही सांख्यदर्शनातली जुनी संज्ञा. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचा आरंभच त्रिविध दुःखाने होतो. थंडी, ऊन, वारा, पाऊस आणि वीज पडणे यांना भाष्यकार गौडपाद आधिदैविक म्हणतो. वाचस्पती मिश्र तिथे यक्ष-राक्षसांची बाधा घालतो. दासबोधात तर याच नावाखाली मरणानंतरची यमयातना येते, म्हणजे केलेल्या कर्माची शिक्षा. अशा रीतीने एकाच शब्दात वादळही बसले आणि दंडही. ‘कुठल्या पापाचे हे फळ?’ हा प्रश्न वादळानंतर गावोगाव विचारला जातो, तेव्हा ही जुनी सरमिसळच बोलत असते.

जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. मे-जूनमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येते. पडणारे थेंब कोरड्या हवेत विरतात, त्याने हवा गार आणि जड होऊन वेगाने खाली कोसळते व जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. केळीच्या खोडात लाकूड नाही, नुसते पानांच्या तळांचे एकात एक गुंडाळलेले थर, मुळेही उथळ. घड भरला की भार वर जातो. म्हणून काढणीला आलेली बाग घटकाभरात आडवी होते आणि शेजारची, अजून न निसवलेली, पुष्कळदा उभी राहते. ज्याने खतपाण्यात कसूर केली नाही, त्याचाच घड जड असतो. पाप-पुण्याचा हिशेब या निवडीला लागू पडत नाही.

कारण मागल्या जन्मीचे, असे उत्तर देता येते. पण ते पडताळता येत नाही, आणि पीक गेलेल्यावर वर अपराधाचे ओझे टाकते. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात बुद्धाने वेदनेची आठ कारणे सांगितली. ऋतुपालट हे त्यांतले एक आणि कर्मफळ हे दुसरे. सारे सुखदुःख पूर्वकर्मानेच येते हे मत त्याने नाकारले. 1934च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी घेतलेली हरकत याच जातीची होती.

गौडपादाचा अर्थ त्यामुळे अधिक न्याय्य वाटतो. त्याच्या मते माणसे, पशू, साप यांच्याकडून येणारे दुःख आधिभौतिक. वादळाची तासाभराची नासाडी आधिदैविक खरी. पण पंचनामा रखडला, भरपाई अडकली, पडलेला घड मातीमोल भावाने मागितला गेला, की पुढचे दुःख माणसांनी दिलेले असते.