सातशेतली पाच

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूत कावेरीकाठी आराधनेला गायक जमतात. कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांच्या समाधीजवळ समोरासमोर रांगा धरून बसतात आणि पंचरत्न कृती एका सुरात गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री या रागांतल्या. नामवंताच्या मांडीला मांडी लावून एखादा शिकाऊ पोरगा बसलेला असतो. कोणाचा आवाज कोणता, वेगळं काढता येत नाही.

गाणाऱ्यांत निवड नाही. गाण्यांत मात्र आहे. त्यागराजांच्या सुमारे सातशे रचना आज हाती आहेत. त्यांतल्या या पाचांना रत्नं म्हटलं ते मागाहून आलेल्यांनी. त्यागराज, दीक्षितर आणि श्यामाशास्त्री यांची त्रिमूर्तीही अशीच मागाहून ठरली. गंमत अशी, की तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारी गायला त्यागराज गेले नाहीत, असं सांगतात. राजाच्या यादीला नको म्हणणारा माणूस लोकांच्या यादीत पहिला बसला.

यादी करणाऱ्याची नजर पोचते तेवढाच त्याचा मुलूख. अमेरिकेत १८८९ साली कॉलेज फुटबॉलमधले अवघ्या देशातले म्हणून अकरा खेळाडू निवडले गेले. अकराही येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टनचे; म्हणजे पूर्वेच्या एका कोपऱ्यातले. पुढे दक्षिणेनं आपली वेगळी यादी केली, पश्चिमेनं आपली. हे संघ छापले जायचे आणि तिथंच राहायचे. एकत्र मैदानात उतरायचा प्रश्नच नव्हता.

तिरुवैयारूतही एक यादी होती, न लिहिलेली. त्यागराजांच्या समाधीवरचं देऊळ बंगळूर नागरत्नम्मांनी पदरच्या पैशानं उभं केलं. त्या देवदासी होत्या. आराधनेत बायकांनी गायचं नाही, असा तेव्हाचा दंडक. त्यांचा पैसा चालला, गळा चालेना. त्यांनी विनवण्या करण्यात दिवस घालवले नाहीत. बायकांची आराधना वेगळी सुरू केली. १९४०च्या सुमारास वेगवेगळे गट एक झाले. आता त्या रांगांत बायका असतात, आणि ते कुणाला नवलाचं वाटत नाही.

पाच कृती मात्र पाचच राहिल्या. सहावी कोणती असती, हा खेळ मी मनाशी कधीकधी खेळतो. माझी ठरलेली आहे. तुमची बहुधा वेगळी असेल.