हजार येनची भिंत

टोकियोतल्या कुठल्याही वस्तीतलं साधं रामेनचं दुकान घ्या. बहुतेक ठिकाणी दाराशीच एक यंत्र उभं असतं. त्यात नोट सरकवायची, हव्या त्या पदार्थाचं बटण दाबायचं आणि बाहेर आलेलं तिकीट काउंटरवर ठेवायचं. काय घ्यावं ते कळत नसेल तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबावं; ज्यावर दुकानाची भिस्त आहे तो वाडगा बहुधा तिथेच असतो. जुनी यंत्रं पुष्कळदा मोठी नोट घेत नाहीत, हजार येनचीच लागते. हजार येन म्हणजे आपले साडेपाचशे-सहाशे रुपये. तेवढ्यात वाडगा आलाच पाहिजे ही अपेक्षा तिथे इतकी पक्की आहे, की त्या धंद्यातली माणसं तिला ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. ही भिंत गिऱ्हाइकांनी प्रेमापोटीच बांधली आहे आणि तिच्याखाली दुकानदार चिरडतो आहे, असं माझं मत आहे.

प्रेम खोटं नाही. आठ-दहा खुर्च्यांचं काउंटर असतं, पलीकडे मालक स्वतः उकळत्या पातेल्यांपाशी उभा. कचेरीतून सुटलेला नोकरदार, बांधकामावरचा मजूर, क्लासवरून आलेला विद्यार्थी खांद्याला खांदा लावून बसतात. बहुतेक जण एकटेच आलेले असतात आणि एकट्याने जेवणाऱ्याची तिथे कुणी कीव करत नाही. पाणी ज्याचं त्याने ओतून घ्यायचं. नूडल्स आवाज करत ओढून खायच्या. त्याने त्या थोड्या निवतात आणि सुपाचा वास नाकापर्यंत पोचतो. गप्पा मारत रेंगाळायचं नाही, कारण गरम सुपात नूडल्स बघताबघता मऊ पडतात आणि बाहेर माणसं ताटकळत असतात. खाऊन झालं की ‘गोचिसोसामा’ म्हणायचं आणि उठायचं. टिप द्यायची पद्धत नाही. पैसा आणि हुद्दा दाराबाहेर राहतो, अशा जागा मोठ्या शहरांत फार थोड्या उरल्या आहेत.

पण वाडग्यात काय असतं तेही पाहायला हवं. तळाशी ‘तारे’, म्हणजे सोया सॉस, मीठ किंवा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा) दाट मसाला. त्यावर सूप, सुगंधी तेल, नूडल्स, आणि वर डुकराच्या मांसाचे काप, बांबूचे कोंब, कांद्याची पात, अंडं. नूडल्सना पिवळसर झाक आणि चिवटपणा येतो तो कणकेत घातलेल्या ‘कान्सुई’मुळे, आपल्या पापडखाराच्या जातीचाच तो क्षार. खरी मेहनत सुपात आहे. फुकुओकातल्या हाकाता भागातलं पांढरंशुभ्र सूप घ्या. डुकराची हाडं धुवायची, वर येणारा मळ काढायचा आणि मोठ्या आचेवर तासन्‌तास, कित्येकदा रात्रभर उकळायची, तेव्हा कुठे चरबी आणि मज्जा पाण्यात एकजीव होते. पातेलं सोडून मालकाला फार लांब जाता येत नाही. जुझो इतामी यांच्या १९८५ च्या ‘ताम्पोपो’ या चित्रपटात एक विधवा बाई रामेनचं दुकान नीट चालवायला शिकते. तो पाहताना हसू येतं, पण चांगलं सूप जमायला काय सोसावं लागतं तेही त्यात दिसतं.

मग एवढ्या कष्टाचा पदार्थ स्वस्तच असायला हवा, हे कुणी ठरवलं? उत्तर इतिहासात आहे. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात ‘रायरायकेन’ सुरू झालं, ते योकोहामाच्या चिनी वस्तीतले आचारी आणून. तिथे जेवायला यायची ती कष्टकरी शहरी माणसं. पुढे युद्ध हरलेल्या जपानात १९४५ साली भाताचं पीक बुडालं, अमेरिकेचा गहू येऊ लागला, आणि चीन-मांचुरियाहून परतलेल्या लोकांनी काळ्या बाजारात गाड्या लावून नूडल्स विकल्या. ओसाकात अशाच एका गाडीपुढची रांग पाहून मोमोफुकु आंदो यांच्या मनात जो विचार घर करून राहिला, त्यातून १९५८ साली झटपट रामेन जन्माला आलं. रामेन म्हणजे भुकेल्या माणसाचं स्वस्त अन्न, ही समजूत त्या वर्षांत घट्ट झाली.

ती वर्षं सरली. गहू मात्र आजही बहुतांश बाहेरूनच येतो, आणि २०२४ साली एका डॉलरला १६० येन मोजावे लागले. गॅस महागला. त्याच वर्षी जुलैत नव्या नोटा आल्या आणि दाराशी उभं असलेलं यंत्र बदलण्याचा खर्चही मालकाच्या माथी आला. तेइकोकु डेटाबँक या संस्थेने २०२४ मध्ये रामेनच्या धंद्यातली ७२ दिवाळखोऱ्या मोजल्या. तोवरचा तो उच्चांक होता. या मोजणीत मोठं कर्ज असलेलेच धंदे येतात. म्हातारपणी कंबर धरली आणि पुढे चालवायला कुणी नाही, म्हणून मालकाने गुपचूप बंद केलेलं दुकान त्यात दिसत नाही.

भाव वाढला तर मजूर आणि विद्यार्थी कुठे जातील, हा प्रश्न मला टाळायचा नाही. तो खराच आहे. पण भाव न वाढवल्याने ते दुकान त्यांच्यासाठी टिकत नाही, बंद पडतं. मग उरतात साखळी दुकानं, जिथे सूप कारखान्यातून येतं. शंभर-दोनशे येन जास्त मोजणं आणि दुकानच नसणं, यांतलं पहिलं मला कमी अन्यायाचं वाटतं. ज्यांना परवडतं त्यांनी तरी भाववाढीवर कुरकुर करू नये. तेच गिऱ्हाईक पास्त्याला किंवा चांगल्या ‘सोबा’ या जपानी नूडल्सना दीड हजार येन विनातक्रार देतं. हाकाताच्या ‘इप्पुदो’ने २००८ साली न्यूयॉर्कमध्ये दुकान काढलं, तिथे एका वाडग्याला वीस डॉलरच्या आसपास मोजताना लोक कचरत नाहीत. म्हणजे कमीपणा पदार्थात नाही.

आता आपल्याकडूनही पुष्कळ माणसं जपानला जातात आणि टोकियोच्या निशिकासाईत मराठी घरं आहेत. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. वर नुसत्या भाज्या दिसल्या तरी सूप बहुधा हाडांचं किंवा माशांचं असतं. चालत असेल तर साखळी दुकान सोडून गल्लीतल्या एकट्या मालकाकडे जा, आणि त्याने भाव वाढवला म्हणून इंटरनेटवर त्याचे तारे कापू नका. रात्रभर जागून केलेला तो वाडगा बाराशे येनलाही स्वस्तच आहे.